दुसऱ्या नंबरची भाकर

मेंढरं ज्याच्या रानात बसली, त्याची ज्वारी आमच्या घरात. लहानपणी मला एवढा एकच कायदा माहीत होता आणि तो कुणी कागदावर लिहिलेला नव्हता. सुगी उलगून रानं मोकळी झाली की दादा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन निघायचे. पेडगावच्या शिवारातून ताडकळसच्या अंगाला आणि तिथून पूर्णेच्या काठाकाठानं चारा नेईल तिकडं. सांजेला एखाद्याच्या वावरात वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि आत मेंढरं बसवायची. उजाडेपर्यंत लेंड्या-मुताचं खत जमिनीत मुरायचं. शेतकऱ्याला पुढच्या पेरणीची निश्चिंती आणि आम्हाला ज्वारी. दादा परत यायचे तेव्हा पोत्यांसोबत लोकरीचा, धुराचा, ओल्या घोंगडीचा एक वास घरात शिरायचा, आणि माय पोत्यात हात घालून दाणे ओंजळीतून खाली सोडायची. पांढरी टपोरी टाळकी ज्वारी. तो आवाज पावसासारखा बिवसासारखा काही नव्हता, ज्वारीसारखाच होता. पोट भरणार असल्याचा आवाज.

मला शाळा होती आणि बिरू, माझा धाकटा भाऊ, नुकताच धरून उभा राहायला लागला होता, म्हणून माय आम्हा दोघांना घेऊन गावातच राहायची. घर म्हणजे गावाच्या टोकाला पत्र्याची खोली आणि पुढं काट्याचं वाडगं. त्यात चालायला न येणारी कोकरं, एक लंगडी मेंढी आणि सगळ्यांवर ओरडणारी एक शेळी. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. माय आधी भाकरी करायची आणि मग कालवण काय करायचं ते ठरवायची, कारण भाकरी असली की कालवणाला काहीही चालतं. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळीचं मसाल्याचं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की झालं. अंबाडी असली तर सण. दाणे कमी पडायला लागले की भाकरीच्या कण्या व्हायच्या, आणि कण्यांत पाणी वाढत जायचं. पण त्याआधी एक आवाज यायचा. मायचं पत्र्याचं माप कणगीच्या बुडाला खरवडायचं. खर्रर्र. तो ऐकला की मी अंथरुणात डोळे मिटूनच राहायची. आज मी अन्नाच्या हक्कावर सभा घेते, पत्रकं लिहिते, आणि साहेब लोक मला विचारतात की भूक मोजायची कशी. मी सांगते, एखाद्या घरात जाऊन बसा आणि माप बुडाला लागायची वाट बघा. ते हसतात. त्यांना वाटतं मी भाषण करतेय.

तिशी गाठली नाही आणि आठवणी कसल्या लिहितेस, असंही काही जण म्हणतात. मग काय साठीची वाट बघू? तोवर तो तक्ता तसाच भिंतीवर राहील.

तक्त्यावर येतेच, पण आधी सोयाबीन. मी सातवीत जाईपर्यंत आमच्या पट्ट्यातली ज्वारी बघता बघता सरली. जिकडं तिकडं सोयाबीन. दादांना वर्षानुवर्षं रानात बसवून घेणारे बाबाराव नावाचे शेतकरी होते. सणाला घरी यायचे, दादांना ‘पाव्हणं’ म्हणायचे. त्या साली ते वाडग्याशी उभे राहूनच बोलले.

“पाव्हणं, जवारी मागू नका आता. पेरतंय कोण? काढायला माणूस मिळंना, पाखरं राखायला पोरगं मिळंना. सोयाबीन घ्या.”

“सोयाबीन खाता येतंय व्हय मालक?” दादा म्हणाले.

“इका की मग. मीबी इकूनच खायलोय.”

त्यांचंही खोटं नव्हतं. ज्वारी परवडत नव्हती म्हणून त्यांनी सोडली. पण त्यांनी पीक बदललं आणि आमची मजुरी बदलली, आणि ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आजपर्यंत मी एकाही सरकारी बैठकीत ऐकलेलं नाही. शेती एका खात्यात, लेकरू दुसऱ्या खात्यात, रेशन तिसऱ्या. आणि मेंढरं कुणाच्याच खात्यात नाहीत. रेशनवर आम्हाला गहू-तांदूळ मिळायचा, तोही कार्डावर बिरूचं नाव चढलेलं नव्हतं म्हणून कमीच. तो महिना सरायच्या आत संपायचा.

आमच्या वाट्याचं सोयाबीन परतीच्या पावसात भिजलेलं निघालं. काळं पडलेलं, सुरकुतलेलं. आडत्यानं मूठभर हातात घेतलं आणि “डागी माल” म्हणून पोत्यात परत टाकलं. ते पोतं घरी आलं आणि दादांनी ते आढ्याला दोरीनं टांगलं. खाली ठेवलं तर मेंढरं तोंड घालतील. मेंढरू सोयाबीनच्या दाण्याला लागलं तर पोट फुगून तडफडतं, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दादा पुन्हा कळपामागं निघाले तेव्हा बिरूला नाही, कोकराला बोट दाखवून मला बजावून गेले, “पारू, ह्याला त्या पोत्याखाली जाऊ देऊ नको.”

आता तक्ता. आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर एक मोठा रंगीत तक्ता होता. वर हसरी आई, तिच्या कडेवर गुबगुबीत लेकरू, आणि खाली गोल गोल चित्रं. दूध, अंडी, पालेभाजी, आणि एका वाटीत सोयाबीनचे पिवळेधमक दाणे. त्याखाली लिहिलेलं, ‘सोयाबीन: प्रथिनांचा खजिना’. शोभाताई, आमच्या अंगणवाडीच्या सेविका, दर बैठकीला काठीनं एकेक चित्र दाखवून वाचायच्या. दुधावर काठी आली की बाया हसायच्या. अंड्यावर आली की कुणीतरी म्हणायचं, “ताई, कोंबडी कुणाची?” पण त्या दिवशी काठी सोयाबीनवर आली आणि माय सरसावून बसली. पूर्ण तक्त्यावरची एकच वस्तू तिच्या घरात होती. आढ्याला टांगलेली.

“ताई, हे खाल्लं तर ताकद येती?”

“लय ताकद असती मनं. मटणापेक्षाबी जास्त, असं तालुक्याच्या मॅडम मनल्या.”

मग पोषण महिना आला. म्हणजे असं की त्या महिन्यात पोषणाच्या रांगोळ्या निघतात, पोषणाच्या घोषणा होतात आणि पोषणाचे फोटो निघतात. आमच्या अंगणवाडीत पौष्टिक पाककृतींची स्पर्धा ठेवली होती. देवळातला माईक आणला होता. सतरंज्यांवर ताटं मांडलेली. सरपंचांच्या घरून काजू-बदामाचे लाडू आलेले, कुणाचे मोड आलेल्या मुगाचे वडे, कुणाची बिटाची खीर. आणि एका टोकाला मायची भाकर. आदल्या दिवशी तिनं पोतं उतरवून थोडं सोयाबीन निवडलं, उरलेल्या ज्वारीत मिसळलं, गिरणीवर नेलं आणि दळून आणलं. गिरणीवाला म्हणाला होता, “गयाबाई, जनावराला की माणसाला?” माय म्हणाली, “सरकारचं हाय, तुला न्हाई कळायचं.”

तालुक्याहून आलेल्या पर्यवेक्षिका मॅडम ताटांवरून फिरत आमच्यापाशी थांबल्या. गोऱ्या, घामेजलेल्या, गळ्यात ओळखपत्र.

“ही कशाची?”

“सोयाबीनची, मॅडम.” माय उभी राहिली.

“अरे वा! कशी केली?”

“दळलं अन् थापली.”

“ऐकलंत का सगळ्यांनी? किती सोपं! काजू-बदाम लागत नाहीत काही. घरचंच धान्य, खर्च नाही.” मॅडमनी भाकरीचा काठ तोडून तोंडात घातला, फोटो निघेपर्यंत चावला आणि पाण्याचा पेला मागितला. पहिला नंबर लाडवांना गेला, तो जाणारच होता. पण मग माईकवर नाव आलं, “द्वितीय क्रमांक, गयाबाई!” आणि माझ्या मायनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी नीट केला. तिचं नाव माईकवर येण्याची ती पहिलीच वेळ होती. एरवी ती ‘मेंढक्याची बायको’. बक्षीस म्हणून स्टीलचं ताट मिळालं. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी योजनेचं नाव आणि ‘पौष्टिक पाककृती स्पर्धा’ असं घातलेलं होतं. मायचं नाव नव्हतं. ताटं आधीच करून आणलेली, नंबर कुणाचा येणार ते कुणाला ठाऊक! घरी येताना शेजारची दुरपदा मावशी तिला म्हणाली, “गया, आता तू मॅडमच झालीस की! आमालाबी बस म्हण खुर्चीवर.” माय दिवसभर हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात रोज दुसऱ्या नंबरची भाकर. त्याच ताटात. ज्वारी कमी होत गेली तसं सोयाबीन वाढत गेलं. मला ती कडवट लागायची आणि पोटात गुरगुरायचं, म्हणून मी ती अर्धीच खायची. बिरूला माय भाकरी चुरून कोमट पाण्यात गुळाच्या खड्याबरोबर कालवून द्यायची. “खा माझ्या वाघा, ताकदीचं हाय.” तो तोंड फिरवायचा. ती बोटानं आत ढकलायची. त्याला जुलाब लागले तेव्हा ती म्हणाली, दात यायलेत. थांबेनात तेव्हा म्हणाली, ताकद कमी पडायलीय. आणि ताकद वाढवायला तिच्याकडं एकच गोष्ट होती. त्या दिवसांतला आमच्या घरातला आवाज म्हणजे बिरूचं कुंथणं. रडायचं त्यानं सोडून दिलं होतं. उभं राहणंही सोडलं. वाडग्यातलं कोकरू त्याच्या अंगावर येऊन हुंगायचं तरी तो हात उचलायचा नाही. सोयाबीननं एकट्यानं त्याला तसं केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या अंगात आधीच काही उरलं नव्हतं. पण जे होतं ते त्या भाकरीनं बाहेर काढलं.

शोभाताईंनी त्याला अंगणवाडीच्या आढ्याला अडकवलेल्या झोळीच्या काट्यावर घातलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “गया, ह्याला परभणीला न्यावं लागतंय. मोठ्या दवाखान्यात. ठेवून घेतात तिथं, तुझ्याबी जेवणाची सोय करतात. घरी ठेवलंस तर पोरगं हातचं जाईल.” माय तयार झाली होती. हे मला ठाम आठवतं. तिनं दुपट्याची घडीसुद्धा घातली होती.

पण त्याच दिवशी मॅडमची बैठक होती. मायला बिरूसकट पुढं बसवलं. मॅडमनी त्याच्या दंडाला पट्टी गुंडाळून बघितली आणि विचारलं, “काय खायला घालता याला?”

“सोयाबीनची भाकर.”

“भाजून घेता की कच्चं?”

“दळून थापते,” माय म्हणाली. हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

“कच्चं? एवढ्याशा लेकराला? अहो, कच्चं सोयाबीन मोठ्या माणसालाही सोसत नाही! काय म्हणायचं ह्या अज्ञानाला?” मग बायांकडं वळून, “बघा. सरकार आहाराची पाकिटं देतं, तक्ते देतं, आम्ही उन्हातान्हात येतो. पण आईलाच कळत नसेल तर आम्ही कुठं कुठं पुरायचं?”

मायनं पदर पुढं ओढला, बिरूला उचललं आणि चालायला लागली. मी मागं. घरी येऊन तिनं दुपट्याची घडी मोडली.

“माय, दवाखान्यात…”

“मी न्हाई जायची. हितं बायांपुढं असं बोलली, तिथं डाक्टर काय बोलतील? लेकराला मायनंच कच्चं खाऊ घातलं मनतील. ठाण्यात बसवतील मला.”

मी शेजारच्यांच्या मोबाइलवरून दादांना फोन लावला. वाऱ्याचा आवाज, कुत्र्यांचा आवाज, आणि मग दादा. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. मग दादा म्हणाले, “सोयाबीन? अगं पण… आपुन मेंढराला देत न्हाई ते.” त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. पण माय माझ्या खांद्याशीच कान लावून उभी होती. ती तिथंच खाली बसली. बिरू तिच्या मांडीवर, डोळे अर्धे उघडे. मला कळलं की हा आता घरातच जाणार, आणि माय त्याला मांडीवर घेऊन नुसती बघत बसणार, कारण सगळ्या गावानं तिला सांगितलंय की हे तुझंच काम.

मी ताट उचललं आणि पळाले. मांडणीवरचं तेच स्टीलचं ताट. मॅडम जीपमध्ये बसायच्या तयारीत होत्या, बाया पांगल्या नव्हत्या. मी ताट जीपच्या बॉनेटवर आपटलं. केवढा आवाज झाला.

“वाचा.”

“काय गं हे?”

“वाचा मोठ्यानं. काय लिहिलंय?”

“पौष्टिक पाककृती… अगं, ती स्पर्धा होती बाळ. ते वेगळं.”

“भाकर तीच हाय.”

कुणीतरी खोकलं. मॅडम म्हणाल्या, “मला वाटलं, भाजूनच घेतलं असेल.”

“अन् मायला वाटलं, तुमाला माहीत असंल. तुमी खाल्लीत तवा कामून न्हाई इचारलं? फोटो काढताना कामून न्हाई इचारलं? तक्त्यावर कुठं लिहिलंय भाजून घ्या मनून? दाखवा मला. मला वाचता येतंय.”

शोभाताई आत गेल्या, तक्त्यापुढं उभ्या राहिल्या, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “न्हाई लिहिलेलं, मॅडम.”

मॅडमनी माफी मागितली नाही. त्या आमच्या घरीही आल्या नाहीत. पण त्यांनी जीपमधून पिशवी काढून घेतली आणि ड्रायव्हरला, माझ्याकडं न बघता, सांगितलं, “ह्यांना परभणीला सोड. मी एसटीनं जाईन.” हे मी कधी कुठल्या पत्रकात लिहिलं नाही. पत्रकात माणूस एक तर चोर असतो नाही तर साव. इथं लिहिते, कारण त्या बाईलाही कुणीतरी नुसताच तक्ता दिला होता.

शोभाताई माझ्याबरोबर आल्या. मायच्या समोर जमिनीवर फतकल मारून बसल्या. “गया, तक्ता मी वाचला. कितीदा वाचला, मलाबी ठावं नव्हतं. दवाखान्यात कुणी इचारलं, कुणी घाल मनलं, तर माझं नाव सांग. ऊठ.” माय उठली. दुपट्याची मोडलेली घडी मीच पुन्हा घातली.

दवाखान्यात कुणी ठाण्यात बसवलं नाही. एका सिस्टरनं मायला शांतपणे समजावलं की सोयाबीन आधी उकडायचं, नाही तर खरपूस भाजायचं, मग दळायचं, आणि तेही ज्वारीत थोडंसंच. बिरूला चमच्याचमच्यानं दूध द्यायला शिकवलं. पहिल्यांदा तो रडला तेव्हा वॉर्डातल्या बाकीच्या बायांनी कानांवर हात ठेवले आणि माय हसली. बिरू वाचला. आज दादांच्या मागं कळपात असतो. वर्गातली पोरं त्याला बुटक्या म्हणायची, अजूनही तो माझ्या खांद्याला लागतो. त्या वॉर्डात आम्हाला पुष्कळ काही विचारलं गेलं. हात धुता का, पाणी उकळता का, किती वेळा भरवता. घरात ज्वारी का नाही, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मी अजून त्या एकाच प्रश्नावर अडून बसलेय. लोकांना वाटतं मी भांडखोर आहे. आहे.

परत आल्यावर मी एक काम केलं. चुलीतला कोळसा घेऊन अंगणवाडीत गेले आणि तक्त्याखाली, भिंतीवर, मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘कच्चं दळू नका. आधी भाजा.’ ते माझं पहिलं पत्रक. शोभाताई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि पुढं कधी ते पुसलंही नाही.

मायला कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बिरूला कडेवर घेऊन, मला हाताला धरून तिथं आली. मला वाटलं, आता बसणार पाठीत. तिला वाचता येत नाही. ती भिंतीपुढं उभी राहून काळ्या रेघांकडं बघत राहिली.

“काय लिवलंस?”

मी वाचून दाखवलं.

“माझं नाव लिवलंस का?”

“न्हाई माय, खरंच न्हाई. शप्पथ.”

“मग लिव की.” तिनं चुलीतून आणलेला कोळसा कनवटीतून काढून माझ्या हातात दिला. “बक्षीस दिलं तवा नाव घेतलं हुतं माझं माईकवर. आता बी लिव. कुणावर बेतलं ते कळू दे बायांना. नुसतं भिंतीचं कोण ऐकतंय?”

मी खाली लिहिलं. गयाबाई.